मायनर स्केलमधल्या कॉर्ड्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या क्लासला गिटार-कीबोर्ड शिकायला येणाऱ्यांपैकी बरेच जण आधी कुठेतरी पेटी किंवा गाणं शिकलेले असतात. त्यांना सा रे ग म पक्कं येतं, रागही ओळखता येतात, पण ‘मायनर’ म्हटलं की गोंधळ सुरू होतो. मेजरचं त्यांना काही वाटत नाही. खालचे प्रश्न त्यांचेच आहेत. काही दिवाळी पहाटेच्या तालमीत विचारलेले, काही रात्री उशिरा व्हॉट्सॲपवर आलेले.

एक सोय आधीच करून घेऊ. या पानावर सगळीकडे सा म्हणजे पांढरी सहा, म्हणजेच इंग्रजी ‘ए’. सुराखाली आडवी रेघ (ग॒, ध॒, नी॒) असेल तर तो कोमल, नसेल तर शुद्ध. म्हणजे सा = ए, रे = बी, ग॒ = सी, म = डी, प = ई, ध॒ = एफ, नी॒ = जी. शुद्ध ध म्हणजे एफ शार्प आणि शुद्ध नी म्हणजे जी शार्प. आणि कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे तीन-चार सूर.

मेजरच्या सात कॉर्ड्स एकदा पाठ झाल्या की झाल्या. मायनरच्या मात्र प्रत्येक जण वेगळ्याच सांगतो. खरं कोणाचं?

सगळ्यांचंच. पुस्तकात तीन मायनर स्केल (स्केल म्हणजे ओळीने मांडलेले सात सूर) दिलेल्या असतात: नॅचरल, हार्मोनिक आणि मेलोडिक. त्या तीन वेगवेगळ्या खोल्या आहेत असं धरून चाललं की गोंधळ व्हायलाच हवा. प्रत्यक्षात मायनर एकच. त्यात सा रे ग॒ म प हे पाच सूर जागेवर पक्के असतात आणि ध, नी हे दोन चाल मागेल तसे कोमल-शुद्ध होतात. ज्या कॉर्डमध्ये ध किंवा नी येतो, तिची दोन रूपं निघू शकतात. जिच्यात हे दोन्ही नाहीत, ती बदलत नाही. अशी कॉर्ड एकच आहे: सा-ग॒-प, म्हणजे ए मायनर स्वतः.

पेटीवाल्यांना हे पटायला वेळ लागत नाही. कर्नाटक संगीतातल्या ७२ मेलकर्त्यांची, म्हणजे सात सुरांच्या मूळ रागांची, यादी काढून बघा. २० नंबरचा नटभैरवी, त्यात ध नी दोन्ही कोमल. २१ वा कीरवाणी, ध कोमल आणि नी शुद्ध. २२ वा खरहरप्रिया, ध शुद्ध आणि नी कोमल. २३ वा गौरीमनोहरी, दोन्ही शुद्ध. पहिले पाच सूर चारही ठिकाणी तेच. पाश्चात्त्य पुस्तकांनी ज्याला तीन नावं दिली, ते इथे ओळीने चार घरांत मांडून ठेवलंय, आणि मला तरी ही मांडणी जास्त स्वच्छ वाटते.

कॉर्ड बनते कशी, हे एकदा थोडक्यात सांगाल का?

स्केलमधला कुठलाही सूर घ्या, पुढचा सोडा, त्यापुढचा घ्या, पुन्हा एक सोडा, एक घ्या. सा, ग, प. रे, म, ध. असं सातही सुरांवर करायचं. मग आतलं अंतर मोजा, काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून. आधी तीन मग चार पट्ट्या असतील तर मायनर, आधी चार मग तीन असतील तर मेजर, तीन-तीन डिमिनिश्ड, चार-चार ऑगमेंटेड. बस्स, एवढंच.

दोन्ही कोमल धरून सात कॉर्ड्स कोणत्या?

सा वर ए मायनर (सा ग॒ प), रे वर बी डिमिनिश्ड (रे म ध॒), ग॒ वर सी मेजर (ग॒ प नी॒), म वर डी मायनर (म ध॒ सा), प वर ई मायनर (प नी॒ रे), ध॒ वर एफ मेजर (ध॒ सा ग॒) आणि नी॒ वर जी मेजर (नी॒ रे म).

सगळ्या पांढऱ्या पट्ट्या. सी मेजरच्याही नेमक्या याच सात कॉर्ड्स, फक्त सुरुवात वेगळीकडून. आपल्याकडे हे सूर आसावरी थाटाचे (थाट म्हणजे रागांची विभागणी करायचा सात सुरांचा साचा).

मग सगळ्या ए मायनरच्या गाण्यांत ई मेजर कुठून येते? ती तर या यादीत नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि सगळ्यात महत्त्वाचाही हाच आहे.

पेटीवर सा-ग॒-प धरा, मग प-नी॒-रे, मग परत सा-ग॒-प. परत आल्यासारखं वाटतं, पण ‘आता संपलं’ असं वाटत नाही. कारण नी॒ आणि सा यांच्यात एक पट्टी मोकळी आहे. नी॒ ला सा कडे जायची काही घाई नसते. आता तेच शुद्ध नी घेऊन वाजवा: प-नी-रे, मग सा-ग॒-प. शुद्ध नी सा च्या अगदी अंगाला लागून असतो. तो ऐकला की कानाला सा हवाच असतो. गाणारे लोक हे सांगावं न लागता करतात. तान संपवताना नी वर क्षणभर थांबून सा वर येण्यात जी मजा आहे, तीच इथे कॉर्डमधून मिळते.

युरोपातल्या रचनाकारांना मायनरमध्येही हा ठाम शेवट हवा होता म्हणून त्यांनी नी चढवला. नी चढला की प वरची ई मायनर बदलून ई मेजर होते (प नी रे). वर म जोडला की ई सेव्हन (प नी रे म), आणि मग ओढ आणखी वाढते. स्टाफ नोटेशनमध्ये ए मायनरच्या सुरुवातीला शार्प लिहीत नाहीत. जिथे शुद्ध नी हवा तिथे त्या जागीच जी समोर शार्पची खूण करतात. म्हणजे लिहिणाऱ्यांनीही शुद्ध नी पाहुणाच मानलाय, कोमल नी घरचा.

हार्मोनिक मायनर म्हणजे आपला किरवाणीच ना?

सूर तेच: सा रे ग॒ म प ध॒ नी. दक्षिणेकडून हा राग हिंदुस्थानी मैफलीत आला आणि सतारी-सरोदीवर चांगलाच रुजला. भातखंड्यांच्या दहा थाटांत मात्र या सुरांचा थाट नाही. म्हणून ‘किरवाणी कुठल्या थाटाचा’ असं परीक्षेत विचारलं की मुलं अडखळतात.

पण राग आणि स्केल एकच समजू नका. रागाला चलन असतं, म्हणजे सुरांची ठरलेली वाट, आणि न्यासाच्या म्हणजे थांबायच्या जागा असतात. स्केल म्हणजे फक्त मालाची यादी.

या सुरांतून कॉर्ड काढल्या तर नी ज्यांच्यात आहे त्या तीन बदलतात. प वर ई मेजर, नी वर जी शार्प डिमिनिश्ड (नी रे म), आणि ग॒ वर सी ऑगमेंटेड (ग॒ प नी). बाकीच्या चार आहेत तशाच राहतात.

मेलोडिक मायनर जाताना एक आणि येताना दुसरी. मग कॉर्ड कुठल्या धरायच्या?

हार्मोनिकमध्ये ध॒ आणि नी यांच्यात तीन पट्ट्यांची उडी पडते. किरवाणी गाणाऱ्याला ती आवडते, तिथेच तर रंग आहे. पण चर्चमध्ये चार आवाजांत गाणाऱ्यांना ती उडी अवघड आणि खटकणारी वाटे. म्हणून वर जाताना ध सुद्धा शुद्ध केला: प ध नी सा. उतरताना सा कडे ओढायची गरजच नसते, म्हणून दोन्ही परत कोमल: सा नी॒ ध॒ प. आरोह-अवरोह वेगळे असण्याचं आपल्याला काय नवल! जॅझवाले मात्र वर-खाली दोन्हीकडे शुद्धच घेतात. हे सूर आपल्याकडे पटदीपमध्ये भेटतात.

ध नी दोन्ही शुद्ध असले की आणखी तीन नव्या कॉर्ड्स मिळतात: रे वर बी मायनर (रे म ध), म वर डी मेजर (म ध सा), आणि ध वर एफ शार्प डिमिनिश्ड (ध सा ग॒).

उतरतानाचं उदाहरण वाजवून बघा: ए मायनर, जी, एफ, ई. स्पेनच्या फ्लामेंको संगीतात ही उतरण ठायी ठायी ऐकू येते. गंमत अशी की यात दुसऱ्या कॉर्डला नी कोमल आहे आणि चौथीला शुद्ध, तरी कानाला काहीच खटकत नाही. कोमल नी खाली ध॒ कडे निघालाय, शुद्ध नी वर सा कडे जायला उभा आहे. दोघांची दिशा वेगळी असल्यामुळे भांडण होत नाही.

म्हणजे एकूण तेरा कॉर्ड्स पाठ करायच्या?

हिशेब बरोबर आहे: सात, अधिक तीन, अधिक तीन. पण पाठ कशाला करता? आधी ए मायनर, डी मायनर, ई मायनर, ई मेजर, एफ, जी, सी एवढ्या हातात बसवा. भावगीत, भक्तिगीत, सिनेगीत, कशाचीही साथ करायची असेल तर यांच्यावर बरंच काम निघतं. त्यानंतर डी मेजर आणि बी डिमिनिश्ड. उरलेल्या चार गरज पडेल तेव्हा सुरांतून काढता येतात.

गाण्याखाली ई मायनर द्यायची की ई मेजर, हे ठरवायचं कसं?

चालीत नी कोणता आहे ते बघून. ग्रिप बघून नाही, पुस्तक बघून नाही, दुसऱ्या गिटारवाल्याकडे बघून तर मुळीच नाही.

ही एक साधी ओळ घ्या, मीच क्लाससाठी बांधलेली:

सा रे ग॒ म | प – ध॒ प | म ग॒ रे नी॒ | सा – – –

पहिल्या खान्यात ए मायनर. दुसऱ्यात प लांब आहे, नी नाहीच, तेव्हा ए मायनर चालू ठेवा किंवा सी द्या. तिसरा खाना नीट बघा: म, रे आणि नी॒ हे तीन सूर मिळून जी मेजर होते. ग॒ फक्त वाटेवरचा सूर. म्हणजे इथे जी मेजर, मग चौथ्यात ए मायनर. अगदी बेताने, हलकेच घरी आल्यासारखं.

आता शेवटचा सूर तेवढा बदला:

म ग॒ रे नी | सा – – –

म, रे आणि शुद्ध नी हे ई सेव्हनमधले वरचे तीन सूर. इथे जी मेजर दिलीत तर तुमच्या हातात नी॒ आणि गायिकेच्या गळ्यात शुद्ध नी, दोन्ही एकदम. ऐकणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येणार नाही, पण भुवया उंचावतील. उलट पहिल्या ओळीखाली सवयीने ई मेजर ठोकली तरी तेच. आणि पहिल्या ओळीखालची ई मेजर ही तालमीत ऐकू येणारी सगळ्यात नेहमीची खोट आहे, कारण ‘मायनरमध्ये पाचवी (म्हणजे प वरची कॉर्ड) मेजर असते’ असं कुणीतरी शिकवलेलं असतं.

चालीत त्या जागी नी नसेलच तर निवड तुमची. ई मायनर मऊ, ई मेजर ठाम. भजनाच्या मुखड्याला मी शक्यतो मऊ बाजू धरतो आणि अंतऱ्यावरून मुखड्यावर परत येताना एकदाच ई सेव्हन देतो. म्हणजे ती ऐकूही येते.

आणि तालमीत चाल अजून पक्की नसेल, गायिका कधी नी॒ घेतेय कधी नी, तर मधला सूर काढून टाका. फक्त प आणि रे वाजवा. भांडणाचं मूळच काढलं की भांडण उरत नाही. गडकरी रंगायतनच्या रंगमंचावर ऐन वेळी चाल बदलली तरी हा डाव हाताशी असतो.

मोबाईलवरचं ॲप कॉर्ड दाखवतं. त्यावर विश्वास ठेवावा का?

सुरुवातीचा अंदाज म्हणून ठेवा. मूळ सूर ॲप बऱ्याचदा बरोबर पकडतं. मेजर की मायनर हे मात्र एका मधल्या सुरावर अवलंबून असतं आणि तो सूर ढोलकी, तबला, व्हायोलिनच्या गर्दीत हरवतो. म्हणून जिथे ॲप ई किंवा ई मायनर दाखवतं, तिथे स्वतः चाल गुणगुणून नी तपासा. बाकी ठिकाणी इतकं काटेकोर व्हायची गरज पडत नाही.

गाणं ए मायनरमध्ये आहे की सी मेजरमध्ये? सूर तर तेच.

चाल निवांत कुठे होते ते बघा. तानपुरा लावायचा झाला तर कुठल्या सुराला लावाल? पांढरी सहाला लावल्यावर गाणं बसलं तर ए मायनर, पांढरी एकला बसलं तर सी मेजर. आणखी एक खूण: मधेच जी शार्प डोकावला, म्हणजेच ई मेजर आली, की बहुतेक वेळा ए मायनर. काही गाणी मुखडा मायनरमध्ये आणि अंतरा सी मध्ये करतात. तिथे दोन्ही उत्तरं बरोबर.

ए मायनरच्या गाण्यात अचानक डी मेजर लागते आणि छान वाटतं. हे कसं?

शुद्ध ध. चाल आसावरीच्या सुरांतून काफीच्या सुरांत गेली. सा रे ग॒ म प ध नी॒. पाश्चात्त्य लोक याला डोरियन म्हणतात. डी मेजरच्या मधल्या सुरात तो शुद्ध ध बसलेला असतो, त्यामुळे एकदम उजेड पडल्यासारखं होतं. पण गाणारा ध॒ वर रेंगाळत असेल तर त्याच्याखाली डी मेजर घालू नका. नी ला जो नियम, तोच ध ला.

मालकंस, शिवरंजनी यांसारख्या रागांवरच्या गाण्यांना या कॉर्ड्स कशा द्यायच्या?

इथे खरी कसोटी लागते, कारण या रागांत सातच्या सात सूर नसतात आणि जे नाहीत ते मुद्दाम नाहीत.

मालकंस घ्या: सा ग॒ म ध॒ नी॒. पंचम वर्ज्य. आता ए मायनर म्हणजे सा-ग॒-प! पहिलीच कॉर्ड धरलीत की वर्ज्य सूर वाजला. गिटारवाले हे सर्रास करतात आणि मग रागाचं गांभीर्य कुठे गेलं म्हणून गायक वैतागतो. मालकंसात तानपुराही म ला लावतात, हे लक्षात घ्या. रागाच्या आतल्या सुरांतून पूर्ण बसणाऱ्या कॉर्ड्स दोनच: डी मायनर (म ध॒ सा) आणि एफ मेजर (ध॒ सा ग॒). या दोघींवर, आणि मधे सा-म एवढीच जोडी धरून, बरंच गाणं तोलता येतं. डी मायनरमध्ये सा चा जोडसूर म च असल्यामुळे ती इथे परकी वाटत नाही.

शिवरंजनी: सा रे ग॒ प ध. म आणि नी नाहीत. ए मायनर बसते, एफ शार्प डिमिनिश्ड (ध सा ग॒) बसते, आणि दोन्ही एकत्र केल्या की ए मायनर सिक्स्थ. बाकी सगळं बाहेरून आणावं लागतं. सिनेसंगीतात डी मेजर, ई मेजर बिनधास्त आणतात आणि ते कानाला चांगलंही लागतं, कारण तिथे राग म्हणजे चालीचा आधार असतो, नियमावली नसते. पण मैफलीत कुणी शिवरंजनीची ठुमरी गात असेल तर गिटार खाली ठेवून ऐकत बसावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि भैरवी? कार्यक्रम शेवटी तिच्यावरच येतो.

भैरवीत रे सुद्धा कोमल होतो, त्यामुळे हिशेबच बदलतो. प वरची कॉर्ड प-नी॒-रे॒, म्हणजे डिमिनिश्ड. तिला सा कडे आणायची ताकद नाही. ई मेजर घातलीत तर तिच्यातला शुद्ध रे आणि गाणाऱ्याचा रे॒ एकमेकांवर आदळतात. भैरवीत घरी यायचा रस्ता वरून आहे: रे॒ वरची मेजर (रे॒ म ध॒), पेटीच्या भाषेत काळी पाचवरची मेजर, आणि तिथून थेट ए मायनर. नी॒ वरची मायनर (नी॒ रे॒ म) घेऊनही येता येतं. प्रत्यक्ष मैफलीत भैरवी बाराही सुरांना हात लावते, तेव्हा कान उघडे ठेवून हात हलका ठेवणं बरं.

डिमिनिश्ड आणि ऑगमेंटेड या कॉर्ड्स वाजवतं तरी कोण?

ऑगमेंटेड फारसं कोणी नाही. सी ऑगमेंटेडमधले ग॒ प नी एकमेकांपासून सारख्याच अंतरावर असतात, त्यामुळे ती कुठे चाललीय हे तिला स्वतःलाच ठाऊक नसतं. क्षणभर, पाय टाकून पुढे जायला, ठीक.

डिमिनिश्ड सेव्हन्थ मात्र कामाची. नी रे म ध॒. चारही सुरांमध्ये तीन-तीन पट्ट्यांचं अंतर, म्हणून गिटारवर तोच आकार तीन फ्रेट सरकवला की तेच चार सूर उलटसुलट होऊन येतात. बारा सुरांत मिळून अशा वेगळ्या कॉर्ड्स फक्त तीन निघतात. जिथे ई सेव्हन लागते तिथे ती घालून बघा, नाटकातल्या प्रसंगासारखा ताण येतो. सारखी वाजवली तर मात्र हास्यास्पद होते.

सेव्हन्थ कॉर्ड्सचं काय?

आणखी एक सूर सोडून एक घ्यायचा, पद्धत तीच. दोन्ही कोमल धरले तर सा वर ए मायनर सेव्हन, म वर डी मायनर सेव्हन, ध॒ वर एफ मेजर सेव्हन, नी॒ वर जी सेव्हन. शुद्ध नी घेतला की प वर ई सेव्हन. ए मायनरच्या वर शुद्ध नी ठेवला (सा ग॒ प नी) तर एक तीक्ष्ण, थोडी गूढ कॉर्ड मिळते. ती शेवटाला ठेवू नका. सा वरून एकेक पट्टी खाली उतरत, म्हणजे सा, नी, नी॒, ध असं वरचा सूर बदलत ए मायनर धरून ठेवली की खूप जुन्या बाजाची गोड उतरण तयार होते. करून बघा, पेटीवरही येते.

आमच्या गायिकेची पट्टी काळी चार. तुमच्या या सगळ्या कॉर्ड्स पांढरी सहाच्या. गिटारवर काय करू?

कॅपो लावा, म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा. काळी चार म्हणजे जी शार्प. ई मायनरचे आकार वापरा आणि कॅपो चौथ्या फ्रेटवर. मग सा साठी ई मायनरचा आकार, म साठी ए मायनर, ध॒ साठी सी, नी॒ साठी डी, ग॒ साठी जी. प ला मायनर हवी तर बी मायनर, शुद्ध नी असेल तर बी सेव्हन.

बाकीच्या नेहमीच्या पट्ट्या: काळी एक असेल तर ए मायनरचे आकार आणि कॅपो चौथ्यावर. काळी पाच, ए मायनरचेच, कॅपो पहिल्यावर. काळी दोन, डी मायनरचे, कॅपो पहिल्यावर. पांढरी चार, ई मायनरचे, कॅपो पहिल्यावर. पांढरी एक, ए मायनरचे, तिसऱ्यावर.

एक सावधगिरी. ‘माझी पट्टी काळी एक’ असं सांगणारे काही गायक अमुक एक भजन मध्यमात गातात, म्हणजे म लाच सा धरतात. तेव्हा गाण्याचा खरा सा काळी तीन होतो. पट्टी विचारून थांबू नका, मुखडा एकदा गाऊन दाखवायला सांगा.

कीबोर्डवर डाव्या हाताने एका बोटाने कॉर्ड वाजते. मायनर कशी वाजवू?

कंपनीप्रमाणे पद्धत वेगळी. यामाहावर एका बोटाच्या मोडमध्ये मूळ पट्टी आणि तिच्या डावीकडची जवळची काळी एकदम दाबली की मायनर. मूळ पट्टी आणि डावीकडची जवळची पांढरी दाबली की सेव्हन. कॅसिओवर मूळ पट्टीच्या उजवीकडची कुठलीही एक पट्टी जोडली की मायनर, दोन जोडल्या की सेव्हन. कोपरखैरण्याहून ट्रान्स-हार्बरने येणारा एक जण मित्राचा कीबोर्ड घेऊन स्टेजवर चढला आणि सगळ्या कॉर्ड उलट्यापालट्या वाजल्या, तो घोळ यातूनच. तीन बोटांनी पूर्ण कॉर्ड धरायला शिकलात तर कुठलाही कीबोर्ड चालतो.

पेटीवर साथ करताना कॉर्ड वाजवाव्यात का?

सुगम संगीतात, बेताने, हो. ख्यालाच्या साथीला नको.

कारण फक्त परंपरा एवढंच नाही. पेटीचे बारा सूर सारख्या अंतरावर बसवलेले असतात, एका पट्टीपासून पुढचीपर्यंत १०० सेंट. तिच्यावर सा पासून ग॒ ३०० सेंटवर असतो. तानपुऱ्याबरोबर स्वाभाविक लागणारा ग॒ साधारण ३१६ सेंटवर असतो. शुद्ध ग च्या बाबतीत उलटं: पेटीवर ४००, स्वाभाविक ३८६. एकेकटा सूर चालून जातो, पण तीन-तीन सूर धरून ठेवले की हा फरक तानपुऱ्याशी लढायला लागतो. श्रुतींच्या, म्हणजे सुरांच्या या बारीक फरकांच्या, याच वादातून आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती, ती १९७१ मध्ये सैल झाली. मला ती बंदी टोकाची वाटते, पण तक्रार खोटी नव्हती.

मायनरचं गाणं मेजर कॉर्डवर संपवलं तर चुकलं का?

नाही. युरोपात ही फार जुनी रीत आहे, पिकार्डी थर्ड म्हणतात. शेवटच्या ए मायनरऐवजी ए मेजर. गायिका त्या वेळी ग॒ वर थांबलेली नसली म्हणजे झालं.

परीक्षेला यातलं काय लागतं?

विशारदपर्यंतच्या परीक्षा देत असाल, ज्या घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाची इमारत आपल्याकडे वाशीतच आहे, तर तिथे भर राग-तालांवर असतो. थाट पक्के करा. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या पाश्चात्त्य संगीताच्या परीक्षा संस्थांच्या ग्रेड देत असाल तर तिथे हार्मोनिक आणि मेलोडिक या वेगळ्या स्केल धरतात. तुमच्या ग्रेडला कोणती लागते ते अभ्यासक्रमात बघा. तिथे ‘एकच मायनर’ हे माझं म्हणणं परीक्षकाला ऐकवत बसू नका, सांगितलेली स्केल वाजवा.

सराव कुठून सुरू करू?

तानपुऱ्याचं ॲप पांढरी सहाला लावा. प नी॒ सा आणि प नी सा असं आलटून पालटून गा, वाद्याला हात न लावता. मग पहिल्याखाली ई मायनर, दुसऱ्याखाली ई मेजर. ते जमलं की प ध॒ प आणि प ध प, खाली डी मायनर आणि डी मेजर. मग वरची क्लासमधली ओळ दोन्ही प्रकारे. शेवटी तुमच्या आवडीचं कुठलंही मायनर गाणं घ्या, कागदावर शब्द लिहा आणि कॉर्ड लिहिण्याआधी जिथे जिथे ध किंवा नी येतो तिथे कोमल-शुद्धची खूण करा. खुणा झाल्या की मग गिटार उचला.